टॅग वेगळ्या पाकिटात

“बठ्ठ्या चिठ्ठ्या काढी टाक्यात व माय,” आत्या म्हणाली. “आते बांध तुन्हा खोका.”

मी दारातच उभी राहिले. हातात पॅकिंगचे खोके, काखेत टेपचे रोल. सुरतच्या लिंबायतमधली आत्याची खोली, मधोमध सतरंजी, आणि सतरंजीवर चोवीस जॅकेटं. आहेराच्या साड्या रचतात तशी घडी घालून, एकावर एक. एकालाही टॅग नव्हता.

आत्याच्या हातात धागे कापायची छोटी कात्री होती. शेजारच्या मंगलमावशींच्या हातातही होती. दोघी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. शाबासकीची वाट बघत होत्या.

मी खोके खाली ठेवले आणि भिंतीला टेकून बसले.

यात एवढं काय बिघडलं, असं वाचणाऱ्याला वाटेल. म्हणून आधी माझा धंदा सांगते.

मी रीसेलर आहे. एखादा मोठा डिझायनर असतो. त्याच्या स्वतःच्या दुकानात एक लेहेंगा घ्यायचा तर आपल्याकडे त्या पैशात लग्न होतं. असा डिझायनर कधीतरी एखाद्या मोठ्या साखळी दुकानाशी करार करतो आणि त्यांच्यासाठी थोडा स्वस्तातला माल काढतो. याला कोलॅब म्हणतात. हा माल एकदाच निघतो आणि मोजका निघतो. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी तो विक्रीला सोडतात, त्याला ड्रॉप म्हणतात. दुकान उघडल्यावर तासाभरात रॅक रिकामे होतात. ज्यांना मिळत नाही ते नंतर जास्त पैसे द्यायला तयार असतात. मी ड्रॉपला रांगेत उभी राहून माल घेते आणि नंतर विकते.

“म्हणजे सिनेमाची तिकिटं ब्लॅकने विकायची तसंच की,” असं मला बरेच जण म्हणतात. म्हणू देत. मी प्रत्येक नगाचं बिल देते, जीएसटी भरते, माल पडून राहिला तर नुकसान माझं. रात्रीच्या गाडीने जाऊन रांगेत मी उभी राहते. त्याचे पैसे घेते.

मी शिरपूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. बी.कॉम., फर्स्ट क्लास. कोणी विचारलं नाही तरी मी हे सांगते. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलून मला शिकवलं. लग्नानंतर मी जळगावला आले. पतपेढीतली नोकरी सोडून हा धंदा सुरू केला तेव्हा आबांनी एकच विचारलं होतं, “तुन्हं दुकान कोठे शे?”

“फोनमा, आबा.”

आबा फोनकडे बघत राहिले. मग म्हणाले, “पाटी कोठे लावशी?”

पाटी अजून लावलेली नाही. पण करंट अकाउंट आहे.

आता त्या जॅकेटांचं. कुर्त्यावर घालायचं लांब, बिनबाह्यांचं जॅकेट. शेंदरी रंगावर पांढऱ्या गाई आणि कमळं. डिझायनर असा की पुण्या-मुंबईच्या मुली त्याच्या कपड्यांचे फोटो बघत झोपतात. देशात मोजक्याच शहरांत हा ड्रॉप होता आणि त्यात सुरत होतं. मुंबईचे रीसेलर मुंबईच्या दुकानाबाहेर एकमेकांच्या पायावर पाय देत उभे राहणार हे मला माहीत होतं. सुरतला कोणी येणार नाही हेही माहीत होतं. आणि सुरतला माझी आत्या आहे.

खानदेशातल्या घरांचं कोणी ना कोणी सुरतला असतंच. माझी शांताआत्या लग्न झाल्यापासून तिथे आहे. साड्यांच्या कारखान्यात पॅकिंगला जाते, घरी धागा-कटिंगचं काम आणते. तिच्या गल्लीत सगळ्या आपल्याच बायका. नंदुरबार, साक्री, दोंडाईचा, शिरपूर. दुकानाचा नियम होता, एका माणसाला दोन नग. मी आत्याला फोन केला, की मला अकरा बायका पाहिजेत. कारखान्यातल्या दिवसाच्या मजुरीपेक्षा जास्त देईन, नाश्ता माझा.

“उभंच राहानं ना?” आत्याने विचारलं.

“उभं राहायचं, आत जायचं, मी दाखवेन ते जॅकेट उचलायचं, बिल करायचं.”

“एवढाले पैसा देतस? येड्या शेतस का या लोके?”

ड्रॉपच्या सकाळी मॉलच्या दारात आम्ही पहिल्या होतो. नऊवारी एक, बाकी सगळ्या पाचवारी, डोक्यावर पदर, हातात जेवणाचे डबे. मागे कॉलेजच्या पोरींची रांग. त्या आमच्याकडे बघून हसत होत्या. दारावरचा गार्ड आत्याजवळ आला.

“आप सब एक साथ हैं क्या?”

“एक गली के हैं,” आत्या म्हणाली. “मना है?”

गार्डने जरा विचार केला आणि बाजूला झाला. दार उघडलं. आत्याच्या बायका कापड ओळखतात. रॅकपाशी पोचल्यावर मंगलमावशींनी जॅकेट बोटांत चोळून बघितलं आणि मोठ्याने म्हणाल्या, “हाऊ कपडा त आपली गल्लीमागला मिलमा बनस!” मागच्या पोरींचे चेहरे बघण्यासारखे झाले. पण बायकांनी काम चोख केलं. एकीनेही चुकीची साइज उचलली नाही. मी आणि त्या अकरा जणी, चोवीस नग, चोवीसच्या चोवीस बाहेर. कॉलेजच्या पोरींपैकी निम्म्या रिकाम्या हाताने गेल्या.

या चोवीसच्या चोवीस नगांना गिऱ्हाईक ठरलेलं होतं. धुळ्याच्या मंजूभाभी.

भाभींचं धुळ्यात लग्नाच्या कपड्यांचं दुकान आहे. सासऱ्यांच्या वेळचं. गादीवर भाभी बसतात, आणि गल्ल्याची किल्ली कमरेला. पहिल्यांदा मी त्यांना भेटले तेव्हा त्यांनी मला उभंच ठेवलं होतं. “आमच्याकडे अशा चार जणी येऊन गेल्या, बेटा. सगळ्या ओरिजिनल म्हणतात. पंधरा दिवसांत तोच माल सुरतहून पावपट भावात गल्लीत येतो. मी गिऱ्हाइकाला काय तोंड दाखवू?”

मग त्यांनी अट घातली. प्रत्येक नगाला कंपनीचा टॅग पाहिजे आणि टॅगवरचं सील न तुटलेलं पाहिजे. “एकदा हा माल खरा उतरला, की पुढचा प्रत्येक कोलॅब तुझ्याकडून. लिहून देते.”

हे माझ्यासाठी फार मोठं होतं. तोपर्यंत मी एकेक नग विकत होते. हा पुण्याला, तो हैदराबादला. दर वेळी नवं गिऱ्हाईक, दर वेळी “खरा आहे ना?” इथे मला कायमचं दुकान मिळत होतं. पाटी नसलेलं, पण दुकान. त्यासाठी मी वर्षभरात साठवलेलं सगळं या एका ड्रॉपमध्ये घातलं होतं.

या धंद्यात न वापरलेल्या, टॅगसकट असलेल्या मालाला डेडस्टॉक म्हणतात. हा शब्द मी भाभींसमोर एकदाच वापरला. त्या दचकल्या. कापडवाल्याच्या भाषेत डेडस्टॉक म्हणजे न खपलेला, कोपऱ्यात पडलेला माल. तेव्हापासून मी त्यांना “सीलबंद” म्हणते. तर सीलबंद मालाचा जो भाव, तो टॅग तुटला की राहत नाही. आणि सुरतहून आलेला, टॅग नसलेला माल तर बघणारा सरळ सुरतची कॉपी समजतो. त्याला दोष देता येत नाही.

आत्याने ते चोवीस टॅग कापले होते.

“हाई काय करं व आत्या?” माझा आवाज रडका निघाला असावा, कारण आत्याचा चेहरा एकदम उतरला.

“काबरं? तूच सांगेल होतं ना, लगनना आहेरले जाई म्हणून. आहेरना कपडावर भाव ठेवतस का कधी? समोरनाले कसं वाटी?”

हे मी खरंच सांगितलं होतं. भाभींची गिऱ्हाइकं द्यायला-घ्यायला माल नेतात, असं रांगेत गप्पा मारताना बोलले होते.

मंगलमावशींनी पुढचं सांगितलं. “आन चिठ्ठीवर छापेल भाव दखाना, त तुले वरना पैसा कोन देई?”

दोघींचं म्हणणं बरोबर होतं. जगातल्या सगळ्या धंद्यांत बरोबर होतं, फक्त माझ्या धंद्यात नव्हतं. आमच्याकडे गिऱ्हाईक छापील किंमत बघतं, त्याच्या वर किती द्यायचे ते बघतं आणि खुशीने देतं. वर किती दिले हेच त्याला चार जणांत सांगायचं असतं. हे लिंबायतच्या खोलीत बसून कसं समजवायचं?

“टॅग कुठे आहेत?” मी विचारलं. धाग्यांच्या गोणीत गेले असतील अशी मनाची तयारी केली होती.

आत्याने देवाच्या फळीकडे बोट दाखवलं. फळीवर, देवांच्या तसबिरीला टेकवून, चोवीस टॅग एका ओळीत उभे होते. प्रत्येकावर गाय छापलेली होती.

“गायनं चित्तर शे. कचरामा कशी फेकू?”

मी सगळे खाली काढले. जाड पुठ्ठ्याचे, सोनेरी कडेचे. रेशमी दोरी मधोमध कापलेली. दोरीच्या गाठीवर लाखेचं लाल सील असतं, त्यावर डिझायनरचा शिक्का. कात्री दोरीवर चालवताना बहुतेक सीलं तडकली होती.

“आमना कारखानामा टॅगनी बंदूक शे,” आत्या म्हणाली. “सकाळ लई येसू. दिनभर तेच काम करस मी.”

“हे बंदुकीने होत नाही, आत्या. लाखेचं सील आहे.”

“ते बी व्हई जाई. सुरतमा काय व्हत नही?”

ते खरं होतं. मिठाईच्या पेटीपासून अत्तराच्या बाटलीपर्यंत सगळ्याची सीलं बनवणारा माणूस तिथून दोन गल्ल्या पलीकडे बसतो. मंगलमावशी उठून चपला घालायलाही लागल्या. मी त्यांना बसवलं. माल खरा होता. त्याला खोटं सील लावलं असतं आणि उद्या कोणी ते ओळखलं असतं, तर माझा खरा मालही खोटा ठरला असता. नंतर मी घसा कोरडा पडेपर्यंत बिलं दाखवली असती तरी कोणी बघितली नसती.

मी रिक्षा करून परत मॉलला गेले. दुकानाचा मॅनेजर तरुण होता, सभ्य होता.

“मॅडम, कोलॅबला रिटर्न नाही, एक्स्चेंज नाही.”

“रिटर्न नको. टॅगला नवीन सील लावून द्या. बिल माझ्याजवळ आहे.”

“सील फॅक्टरीत लागतं. आमच्याकडे येतं ते लागूनच.” मग त्याने न राहवून विचारलं, “पण तुम्ही चोवीसही कापलेत? का?”

“घरच्यांनी कापले,” मी म्हणाले. “चांगुलपणाने.”

त्याला काही कळलं नाही.

परत आले तर आत्या जेवली नव्हती. “मी काय वाईट करं का व?” एवढंच म्हणाली. मी तिला जेवायला बसवलं, मीही बसले. जेवण झाल्यावर कामाला लागले. जॅकेटच्या आत, मानेपाशी एक विणलेलं लेबल असतं. त्यावर नगाचा नंबर असतो आणि तोच नंबर टॅगवर. एकेक जॅकेट उलटून, नंबर वाचून, त्याचा टॅग त्याच्या खिशात घातला. आत्या नंबर वाचत होती, मी शोधत होते. चोवीसही जुळले. माल माझाच आहे आणि खरा आहे, एवढं तरी माझ्याकडून पक्कं झालं. पुढचं भाभींच्या हातात.

सुरतहून धुळ्याची बस पकडली. कोंडाईबारीचा घाट चढताना मी मनातल्या मनात चार वेळा भाषण तयार केलं. पहिल्यात आत्याचं नाव नव्हतं. दुसऱ्यात “ट्रान्सपोर्टमध्ये तुटलं” होतं. तिसरं इंग्रजीत होतं. साक्री आलं तेव्हा सगळी सोडून दिली. जे झालं ते सांगायचं ठरवलं.

भाभींचं दुकान भरलेलं होतं. लग्नसराई. भाभींनी मला आतल्या बाजूला बसवलं, एक जॅकेट उघडलं. हात फिरवला. अस्तर बघितलं. चेहऱ्यावर समाधान आलं. मग हात आपोआप टॅगकडे गेला.

“टॅग?”

“खिशात आहे, भाभी. सील तुटलंय. चोवीसांचंही.”

मी सगळं सांगितलं. आत्या, कात्री, आहेर, गाय. बिलं दाखवली. लेबलवरचा नंबर आणि टॅगवरचा नंबर समोर धरला. भाभींनी शांतपणे ऐकलं. मधेच त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आल्यासारखं वाटलं, पण ते टिकलं नाही.

“तू खरं बोललीस,” त्या म्हणाल्या. “चांगलं केलंस. पण बेटा, खरं बोलण्याचे पैसे मी देत नाही. माल सीलबंद ठरला होता.”

“भाभी, माल तोच आहे.”

“तुला माहीत आहे, मला माहीत आहे. गिऱ्हाइकाला कोण सांगणार? चहा घे, मग जा. बसमध्ये गर्दी होईल.”

चहा आला. मी बसून राहिले. जायला उठावंसं वाटेना. उठले की संपलं. भाभी गादीवर परत गेल्या. मी कप हातात धरून गिऱ्हाइकं बघत बसले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

एक बाई पैठणी घेत होत्या. बिल झालं. त्या म्हणाल्या, “भावाची चिठ्ठी काढून टाका हं. आहेराची आहे.” काउंटरवरच्या माणसाने कात्री घेतली, चिठ्ठी कापली. बाई पुढे म्हणाल्या, “पण बिल आत राहू द्या. घडीत. त्यांना बदलायची झाली तर.”

पुढची बाई. शालू. “किंमत काढा. बिल पिशवीत ठेवा, बदलायला लागेल.”

त्याच्या पुढची. तेच.

गर्दी जरा कमी झाली तशी मी भाभींजवळ गेले. “भाभी, बदलायला किती येतात?”

“कशाला?”

“आहेराच्या साड्या. बिल आत ठेवतात त्या.”

भाभी हसल्या. आता नीट हसल्या. “बदलायला कोण येतं? वहिनीने नणंदेला दिलं ते नणंद बदलायला येणार? अगं, भाव कळला पाहिजे ना! सांगायचा तर नाही. मग बिल राहून जातं आतमध्ये.” त्यांनी हाताने घडी उघडल्यासारखं केलं. “उघडलं की हातात येतं.”

बी.कॉम.ला आम्हाला मार्केटिंगचा एक पेपर होता. त्यात हे नव्हतं. पण पुढचा विचार माझा मी केला, आणि तो मी इथे जरा छाती पुढे काढून सांगणार आहे.

“भाभी,” मी म्हणाले, “समजा टॅग सीलबंद असता. तुमचं गिऱ्हाईक हे जॅकेट द्यायला नेणार. नेताना काय म्हणणार?”

“काढा म्हणणार.”

“म्हणजे सील तुम्हीच तोडणार. इथेच, या कात्रीने.”

भाभी गल्ल्याच्या किल्लीशी चाळा करायच्या थांबल्या.

“आणि साडीला तुमचं बिल आत ठेवता, ते चालतं. साडीचा भाव तुमच्या दुकानाचा. पण या जॅकेटचा भाव डिझायनरचा आहे. तुमच्या बिलाने त्याचं नाव कळणार नाही. त्याचं नाव टॅगवर आहे.”

“पुढे बोल.”

“मला पाकिटं आणू द्या.”

समोरच्या गल्लीत लग्नपत्रिकांचं दुकान आहे. तिथून जाड, साय रंगाची पाकिटं आणली, बिनछापील. प्रत्येक पाकिटात एक टॅग, दोरीसकट, तुटक्या सीलसकट. पाकिटावर माझ्या अक्षरात लेबलचा नंबर. पाकीट चिकटवलं नाही. पाकीट जॅकेटच्या घडीत नाही, खिशात.

“सांजेपर्यंत ठेव,” भाभी म्हणाल्या. “खपलं तर बोलू. न खपलं तर उचल. आणि बोलायचं तू, मी नाही.”

पहिलं गिऱ्हाईक दोंडाईच्याहून आलेल्या एक बाई होत्या. मुलीचं लग्न होतं. विहीणबाईंची साडी झाली होती. मुलीच्या नणंदेचं अडलं होतं. नणंद पुण्यात नोकरीला, तिला साडी नको.

“ती फार ब्रँडवाली आहे हो,” बाई म्हणाल्या. “बैठकीला आली तेव्हा म्हणाली, इकडे काही मिळत नाही ना? माझ्या पोरीने रात्रभर डोक्यात ठेवलं ते.”

मी जॅकेट उघडलं. डिझायनरचं नाव सांगितलं. बाईंना माहीत नव्हतं. त्यांच्याबरोबर आलेल्या पुतणीला माहीत होतं. तिने फोन काढला, बघितला, आणि काकूंचा दंडच धरला. “काकू, हे सगळीकडे सोल्ड आऊट आहे!”

“खरं कशावरून?” बाई शहाण्या होत्या. “सुरतला काय पाहिजे ते बनतं.”

“बरोबर विचारलंत,” मी म्हणाले. मानेपाशी लेबल दाखवलं, नंबर वाचायला लावला. मग खिशातून पाकीट काढून टॅग दाखवला. तोच नंबर. मॉलमधल्या दुकानाचं बिल दाखवलं. “टॅगवर छापील किंमत आहे. आमची त्याहून जास्त आहे, का ते तुमची पुतणी सांगेल. आहेराचं म्हणून टॅग आधीच काढलाय.”

बाईंनी टॅग पाकिटात घातला. पाकीट खिशात घातलं. परत काढलं. परत घातलं. मला वाटलं, नाही म्हणतात.

“म्हणजे देताना दिसणार नाही,” त्या हळू आवाजात म्हणाल्या.

“नाही.”

“घालायला जाईल, खिशात हात घालेल, तेव्हा...”

“तेव्हा तुम्ही तिथे नसाल,” मी म्हणाले.

बाईंनी एकदा भाभींकडे बघितलं. भाभी छताकडे बघत होत्या.

“दोन द्या,” बाई म्हणाल्या. “एक पोरीच्या जावेला. नाहीतर तिकडे भांडण लावल्यासारखं होईल.”

सांजेपर्यंत आणखी काही गेली. सगळी एका दिवसात गेली नाहीत, तसं सांगितलं तर खोटं होईल. दोन दिवस एकही गेलं नाही, तेव्हा भाभींचा मेसेज आला होता, नुसतं प्रश्नचिन्ह. पण लग्नसराई संपायच्या आत चोवीसही गेली, ठरलेल्या भावात. एकही परत आलं नाही. कॉपीचा माल गल्लीत आला तेव्हा भाभींच्या गिऱ्हाइकांनीच ओळखला. त्यात लेबल होतं, पण पाकीट नव्हतं.

दोंडाईच्याच्या बाई पुढे दुसऱ्या लग्नाच्या खरेदीला आल्या. मी योगायोगाने दुकानात होते. मी विचारलं, “नणंदबाई काय म्हणाल्या?”

“तोंडाने काही नाही म्हणाली,” बाई म्हणाल्या. पण त्यांचा चेहरा फुललेला होता. “टॅगचा फोटो टाकला तिने स्टेटसला. खाली लिहिलंय, वहिनीच्या माहेरून.”

त्यानंतर भाभींनी शब्द पाळला. लिहून मात्र दिलं नाही, फोनवर सांगितलं. “पुढचा ड्रॉप कधी आहे? सगळा माल मला. आणि ऐक, सील काढूनच आण. पाकीट तू आण, मी आणणार नाही.”

आता माझ्या मालाबरोबर पाकीट जातं. त्यावर शिरपूरच्या एका प्रेसमधून छापून घेतलेलं माझं नाव असतं, फक्त नाव, खाली बी.कॉम. धंद्याच्या पाकिटावर डिग्री कशाला, असं माझ्या नवऱ्याने विचारलं. मी म्हटलं, असू दे. आबांनी त्यातलं एक पाकीट मागून घेतलं आणि घरात, बाहेरच्या खोलीत, दाराच्या वर चिकटवलं. आल्या-गेल्याला दाखवतात. म्हणतात, “मन्ही पोरनी पाटी.”

पुढच्या ड्रॉपला मी सुरतला गेले तेव्हा मॉलमधल्या दुकानात तोच मॅनेजर होता. मला ओळखून हसला. खोलीवर आल्यावर मी आत्याला म्हणाले, “आत्या, टॅग कापायचे आहेत.”

आत्याने कात्री शोधली नाही. माझ्याकडे नीट बघितलं.

“मागली बार कापात, त रडी पडनी तू. आते कापाले सांगस. कितला पैसा देशी?”

नगावर भाव ठरला. धागा-कटिंगपेक्षा जास्त. सील न तडकता दोरी कशी सोडायची, ते तिनेच आता शोधलंय, तेही मी रेटमध्ये धरते.

हा धंदा करणाऱ्या मुली मला फोन करून विचारतात, काय शिकलात? मी सांगते: टॅग सांभाळा, बिल सांभाळा, खोट्याला हात लावू नका. आणि माल कोणाच्या हातात जाणार आहे ते आधी बघा. पुण्याचं गिऱ्हाईक किंमत कपड्यावर बघतं. आपल्याकडचं खिशात बघतं. किंमत दोघांनाही बघायचीच असते.